डोंगराला भेग पडलीय. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्यासाठी पैसे कसे धरायचे?

डोंगरपायथा

नमस्कार मंडळी. मी रायगड जिल्ह्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य आहे, पहिलीच टर्म. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमच्या पंचायतीत चार वाड्या. वरची वाडी थेट डोंगराच्या पोटाशी आहे, चौतीस घरं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात गुरं घेऊन गेलेली पोरं सांगत आली की वर जमीन फाटलीय. मी स्वतः चढून गेले. वीतभर रुंद भेग, लांबी साधारण साठ पावलं. हातातली काठी आत घातली तर मुठीपर्यंत गेली, तळ लागला नाही. गेल्या पावसाळ्यानंतर वितीची सव्वा वीत झालीय.

दर जूनमध्ये वाडीत नोटीस येते. "आपण दरडप्रवण क्षेत्रात राहता, अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे." घरोघर सही घेतात. सुरक्षित स्थळ कोणतं, तिथे पाणी, दिवा, संडास आहे का, म्हातारी माणसं कशी न्यायची, यातलं काही त्या कागदावर नसतं. तालुक्याच्या यादीत आमच्या वाडीचा निवारा म्हणून जिल्हा परिषदेची शाळा लिहिलीय. ती शाळा त्याच उताराखाली आहे आणि तिचे पत्रे गळतात.

यंदा विकास आराखड्याच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागितल्या: वाडीच्या वरच्या अंगाला पाणी वळवायला गटार, खालच्या समाजमंदिराची दुरुस्ती (ते उताराबाहेर आहे) आणि एक भोंगा. उत्तर मिळालं, "आपत्तीचे पैसे वरून येतात, ते ग्रामपंचायतीचं काम नाही." अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला बांधलेला नसलेला पैसा, काँक्रीटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉकमध्ये आधीच वाटून झाला होता.

माझा प्रश्न साधा आहे. दरड कोसळायच्या आधी पैसे वरून खरंच येतात का? येत असतील तर कुठे मागायचे, कोणत्या कागदावर? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. जूनच्या आत मला काहीतरी उभं करायचंय.

---

वाशिष्ठीकाठ

ताई, प्रश्न वाचून पोटात गोळा आला. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पहाटे आमच्या पेठेतल्या घरात पाणी शिरलं. आईला आधी माळ्यावर आणि मग शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढवलं. दोन दिवस त्या गच्चीवर अकरा माणसं होतो. २६ जुलै २००५ चा पूरही पाहिलाय, पण हा त्याहून वर गेला.

तुमच्या प्रश्नाचं माझ्या अनुभवातलं उत्तर असं: नंतरचे पैसे येतात. उशिरा, थोडे, पंचनाम्याच्या रांगेत उभं राहून, पण येतात. आधीचे मात्र भांडल्याशिवाय येत नाहीत. वाशिष्ठी आणि शिव नदीत गाळ साठलाय, बेटं झालीत, त्यावर झाडं उगवलीत, हे शाळकरी पोरालाही दिसत होतं. तरी पूर येऊन गेल्यावर, डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीला उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा गाळ काढायच्या कामाने वेग घेतला.

म्हणून सांगतो, जे मागायचं ते लेखी मागा आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं पुरात वाहून जातं.

---

सावित्रीची_लेक

"सुरक्षित स्थळ कोणतं ते कागदावर नसतं." अगदी हेच! आमच्याकडेही तीच नोटीस, तीच सही. वाचतेय.

---

दप्तरवाला

ग्रामसेवक म्हणून बावीस वर्षं काढली (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय). जे माहीत आहे ते सविस्तर लिहितो.

पंधराव्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून येणारे पैसे आपल्या राज्यात ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० असे वाटले गेले. पंचायतीच्या वाट्यातले ६० टक्के बंधित: निम्मे पिण्याच्या पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेले ४० टक्के अबंधित. स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याण आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. या सगळ्या टक्केवारीत आपत्ती हा शब्द कुठे येत नाही, म्हणून बैठकीत कुणाला तो आठवत नाही. वाईट हेतू असतोच असं नाही. छापील तक्त्यात जे असतं तेच माणूस भरतो.

आता मार्ग. तुमच्या तीन मागण्या एकगठ्ठा "आपत्ती" म्हणून नेऊ नका, सुट्या करा. वाडीच्या आतलं गटार सांडपाणी व्यवस्थापनात दाखवता येतं, म्हणजे बंधित निधीतून होईल. समाजमंदिराचं संडास आणि पाण्याची टाकी हेही बंधितमध्ये बसेल. पत्रे, दरवाजे आणि भोंगा अबंधितमध्ये घ्या. म्हणजे अबंधित निधीवर भार थोडाच पडतो आणि रस्तावाल्यांशी भांडण कमी होतं.

पण सगळ्यात आधी ग्रामसभेचा ठराव. मासिक सभेचा नव्हे, ग्रामसभेचा. ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर) आराखडा एकदा चढला की त्यात नसलेलं काम वर्षभर कुणी हातात धरत नाही.

---

कलम_३२

दप्तरवाला यांनी पंचायतीची बाजू नेमकी सांगितली. मी कायद्याची सांगतो.

"हे ग्रामपंचायतीचं काम नाही" हे विधान चूक आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चं कलम ४१ स्थानिक प्राधिकरणांची कर्तव्यं सांगतं: आपली माणसं प्रशिक्षित ठेवणं, साधनसामग्री वापरायला तयार ठेवणं, आपल्या हद्दीतली बांधकामं निकषांप्रमाणे आहेत हे पाहणं. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने स्वतःचा आपत्ती आराखडाही करायचा असतो. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सह-अध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. म्हणजे लोकनियुक्त माणसाला कायद्याने तिथे खुर्ची दिलेली आहे.

पैशांचं म्हणाल, तर दोन पेट्या आहेत. एक प्रतिसाद निधी (संकट आल्यावरच्या मदतीचा), दुसरी सौम्यीकरण निधी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी सगळ्या राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी रुपये सुचवले. त्यातले ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला, म्हणजे धोका आधीच कमी करायला. आणि आयोगाने हेही लिहिलं की सौम्यीकरणाचा पैसा स्थानिक, गावपातळीवरच्या कामांसाठी आहे. समुद्राच्या भिंती आणि मोठे बांध यांसाठी तो नाही. डोंगरपायथा ताई, तुमच्या वाडीसारखं ठिकाण डोळ्यासमोर ठेवूनच हे लिहिलंय असं मला वाटतं.

प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नावे, तहसीलदारांमार्फत करा. सोबत ग्रामसभेचा ठराव, नकाशा, फोटो आणि अंदाजपत्रक.

---

पन्हाळा_पायवाट

कायदा आहे, पेटी आहे, टक्के आहेत. मग पैसा वाडीपर्यंत का पोचत नाही, हे कुणी सांगेल का?

---

दप्तरवाला

@पन्हाळा_पायवाट, अंदाजपत्रक. तिथेच सगळं थांबतं. गटाराचं अंदाजपत्रक शाखा अभियंता करतो, त्याच्याकडे बऱ्याच पंचायती असतात. रस्त्याचं अंदाजपत्रक तासाभरात होतं, कारण दरसूची ठरलेली आहे. डोंगरउताराचं पाणी वळवायचं तर आधी डोंगर समजून घ्यावा लागतो. तांत्रिक मान्यता नाही म्हणून प्रशासकीय मान्यता नाही, आणि मार्चअखेर आला की रस्ता तयारच असतो. मी स्वतः अशा फायली परत येताना पाहिल्यात. एका फाईलवर शेरा होता, "प्रत्यक्ष हानी झाल्याचे दिसून येत नाही." हानी होऊ नये म्हणूनच तर ते काम होतं हो!

---

बेसाल्ट

भूशास्त्र हा माझा पेशा आहे, म्हणून राहवत नाही.

ताई, ती भेग वाडीच्या वर किती उंचीवर आहे आणि कशी वळलीय? चंद्रकोरीसारखी, दोन्ही टोकं खाली झुकलेली असेल तर तो भाग सुटायला लागलाय असं समजा. भेगेच्या खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा खचलीय का? खालची झाडं वाकलीत का? विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी पावसात अचानक गढूळ होतं का, नवीन जागी झरे फुटतात का? घरांचे दरवाजे चौकटीत अडकायला लागलेत का? ही सगळी लक्षणं लिहून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाणी अडवायला म्हणून भेगेच्या वर किंवा उतारावर चर मारू नका. पाणी अडवा, पाणी जिरवा हे माळरानावर अमृत आहे, पण भेगाळलेल्या उतारावर जिरलेलं पाणी मातीचं वजन वाढवतं आणि तिची पकड ढिली करतं. इथे पाणी जिरवायचं नाही, लवकर बाहेर काढायचं. तात्पुरता उपाय म्हणून भेग चिकणमातीने ठासून बुजवा आणि वर जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे पाऊस थेट आत जाणार नाही. पण हे काम पावसाळ्याच्या आधी, कोरड्यात करा. पावसात वर जाऊ नका.

आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खुंट्या ठोका. त्यांच्यातलं अंतर दर आठवड्याला टेपने मोजा, वहीत तारीख घालून लिहा. खर्च शून्य. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय पुण्यात आहे. तुमची ती वही प्रस्तावाला जोडलीत तर पाहणी मागताना तुमच्या म्हणण्याला वजन येईल.

---

इंद्रायणी_मावळ

चराबद्दल बेसाल्ट म्हणतात ते, आणि उताराच्या सपाटीकरणाबद्दलही, माळीणच्या दरडीनंतर आमच्याकडे फार बोललं गेलं. ३० जुलै २०१४. १५१ माणसं गेली. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकाला. माझे मामा शेजारच्या गावात असतात, ते आजही पावसाच्या रात्री झोपत नाहीत.

नवीन माळीण २०१७ मध्ये आमड्याला वसलं आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, भराव वाहिला. म्हणजे पैसा आला, घरं झाली, पण तिथेही पाण्याची वाट आधी बघायला हवी होती.

---

तळकोकण

मला वेगळं वाटतं, थोडं कडू लागेल. गटार, भोंगा, प्लास्टिक ही सगळी मलमपट्टी आहे. वाडी हलवा. तळीयेमध्ये ऐंशीहून जास्त माणसं गेली, इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री तेच. आणि इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती, हे सरकारनेच सांगितलं. तुमची वाडी यादीत आहे, भेग डोळ्यांनी दिसतेय, मग वाट कसली बघायची?

---

सावित्रीची_लेक

@तळकोकण, हलवा म्हणणं सोपं आहे. शेत वर, गोठा वर, काजू वर, ग्रामदैवत वर. खाली जागा द्यायची तर ती कुणाची? गावठाणाला लागून जी जमीन आहे तिचे सातबारे वीस-वीस नावांचे आहेत. आमच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये हलवलेली माणसं दिवाळीला परत वर गेली, कारण खाली म्हशी बांधायला जागा नव्हती. म्हशीचं दूध हाच त्यांचा महिन्याचा पगार.

---

पन्हाळा_पायवाट

याला दुजोरा. आमच्या पंचगंगेकाठी १९८९ च्या पुरानंतर चिखलीकरांना सोनतळीला प्लॉट मिळाले. तरी माणसं नदीकाठीच राहिली, कारण जनावरं आणि ऊस तिथे. २०१९ ला राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली (इशारा ३९ ला, धोका ४३ ला) तेव्हा तीच माणसं पुन्हा बोटीने काढावी लागली. त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, ते आठवलं की अजून हात थरथरतात. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. बोट, लाइफ जॅकेट आणि बोट चालवायला शिकलेली चार पोरं, एवढी आधीची तयारी नदीकाठच्या प्रत्येक गावाकडे हवी.

आमच्याकडे आता पोरांना आठवीपासून दोन आकडे पाठ असतात, ३९ आणि ४३. ३९ झालं की म्हशी हलवायच्या. तुमच्या डोंगरालाही असा एखादा आकडा शोधता येईल का?

---

बेसाल्ट

@पन्हाळा_पायवाट, फार मोलाचा प्रश्न. नदीला पट्टी लावता येते. डोंगराच्या बाबतीत पावसाला लावावी लागते. पर्जन्यमापक बहुतेक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो, म्हणजे वाडीपासून कित्येक किलोमीटर दूर, बऱ्याचदा सखल भागात. माथ्यावरचा पाऊस वेगळा असतो. म्हणून वाडीचा स्वतःचा पर्जन्यमापक हवा. साधा प्लास्टिकचा चालतो, दर काही तासांनी वाचायचा. कोणत्या आकड्याला निघायचं हे प्रत्येक डोंगराचं वेगळं असतं. एका दिवसाच्या पावसाइतकंच मागच्या तीन-चार दिवसांतल्या मुरलेल्या पावसाचंही महत्त्व आहे. आकडा ठरवताना तज्ज्ञाला बोलवा आणि सुरुवातीला कमीच धरा. दोनदा उगीच खाली झोपावं लागलं तरी चालेल.

---

किल्लारीचा_नातू

दरडीचा अनुभव नाही, पण आधीच्या तयारीबद्दल आमच्या भागाने बरंच सोसलंय आणि बरंच केलंय, म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं रात्री उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या आधी भूकंप. आमची घरं माळवदाची: दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर हात-दीड हात मातीचं छत. तेच अंगावर आलं. आजी सांगायची की ऊन लागू नये म्हणून दरवर्षी माळवदावर मातीचा थर वाढवायचो, तोच थर जिवावर उठला.

नंतर ५२ गावं नव्या जागी वसली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जी गावं हलली नाहीत, तिथे घरं मजबूत करायचा मोठा कार्यक्रम १३ जिल्ह्यांत झाला, त्याबद्दल कमी बोललं जातं. त्यात गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. माझी मावशी त्यातली एक. कुणाच्या भिंतीत आरपार दगड घातलाय, कुणी पट्टा ओतलाय, हप्ता कधी सुटतो हे सगळं तिच्या वहीत. अभियंता महिन्यातून एकदा यायचा, मावशी रोज. गावातला माणूस कामावर नजर ठेवून असेल तर पैसा खरोखर भिंतीत जातो, हे तिच्यामुळे मी पाहिलं.

ताई, तुमच्या वाडीतल्या बचत गटाला ती खुंट्यांची वही आणि पर्जन्यमापक द्या. तुम्ही एकट्या किती चढाल?

---

मुक्काम_उत्रेख्त

नेदरलँड्समध्ये राहते. इथली परिस्थिती वेगळी आहे हे मान्य, तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. इथे पाण्यासाठी नगरपालिकेहून वेगळी, निवडून दिलेली मंडळं आहेत, देशभरात २१. त्यातली काही तेराव्या शतकापासूनची. त्यांचा स्वतंत्र कर घरी येतो आणि तो पैसा बांध, पंप आणि कालव्यांवरच खर्च होतो, दुसरीकडे वळत नाही. पूर आलेला नसला तरी दरवर्षी भरायचा. माझ्या शेजारच्या आजींना विचारलं, इतकी वर्षं पूर नाही तरी कसला कर? त्या म्हणाल्या, त्या करामुळेच पूर नाही.

आपल्याकडे घरपट्टीत असा छोटा वेगळा हिस्सा ठेवता येणार नाही का?

---

तळकोकण

घरपट्टी? आमच्या पंचायतीत घरपट्टीची निम्मी घरं बंद आहेत, माणसं नालासोपाऱ्याला. जी वर राहिलीत ती म्हातारी आणि गरीब. ज्यांना धोका त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही. डोंगर काही त्यांनी फोडला नाही.

---

चाकरमानी_विरार

@तळकोकण, नालासोपारा-विरारच्या वतीने मी बोलतो. दादा, आमच्या गावाच्या मुंबई मंडळाने मंदिराच्या जीर्णोद्धाराला दोन वर्षांत अठरा लाख उभे केले. श्रद्धेने दिले, आनंदाने दिले, मीही दिले. तेच मंडळ भोंग्याला आणि समाजमंदिराच्या पत्र्यांना दोन लाख देणार नाही असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मे महिन्यात सगळे गावी येतात, तेव्हा बैठक लावा. ज्याची आई वर वाडीत एकटी झोपते, तो पहिला हात वर करेल.

मात्र एक. मंडळाने दिले म्हणून शासनाचा हात सुटता कामा नये. गटार आणि उताराचं काम शासनाच्याच पैशाने व्हायला हवं.

---

वाशिष्ठीकाठ

शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन.

---

क्योतोहून

भोंग्यावरून आठवलं. जपानमध्ये बऱ्याच गावांत संध्याकाळी ठरलेल्या वेळी नगरपालिकेच्या भोंग्यांवर एक छोटी धून वाजते. मला वाटायचं, मुलांना खेळून घरी बोलवायला. तेही खरंच, पण त्यातून आपत्तीचे भोंगे चालू आहेत की नाही याची रोज तपासणी होते. बिघडलेला भोंगा संध्याकाळीच कळतो.

आपल्याकडे भोंगा बसवला की उद्घाटनाच्या दिवशी वाजतो आणि मग थेट संकटाच्या रात्री. तोवर बॅटरी संपलेली. रोज सात वाजता आरतीच्या वेळी वाजवा ना!

---

आजोळ_पोलादपूर

भोंगा, मोबाईल सगळं ठीक, पण पावसात टॉवर जातो, वीज जाते. आमच्या आजोळी देवळाची मोठी घंटा होती. आजोबा सांगायचे, पूजेला एक-एक टोला, आग लागली किंवा पाणी आलं तर न थांबता. झोपेतलं माणूसही उठायचं. घंटेला बॅटरी लागत नाही.

आणि आजी म्हणायची, गुरं दावं ओढायला लागली की ऐकावं. कुणाचा अनुभव आहे का?

---

बेसाल्ट

@आजोळ_पोलादपूर, घंटेला माझं मत! गुरांचं म्हणाल तर तसं ऐकलंय पुष्कळ, पण त्यावर विसंबू नका. गुरं वाघरालाही दावं ओढतात. खुंट्या आणि पर्जन्यमापक हेच खरं. आणि रात्री डोंगरातून गडगडाट किंवा झाडं मोडल्याचा आवाज आला तर काहीही न बघता बाजूला पळायचं; उताराच्या खाली नाही, आडवं.

---

मलबारात_मराठी

गेली नऊ वर्षं केरळात आहे. २०१८ च्या महापुरानंतर इथे राज्यातल्या सगळ्या स्थानिक संस्थांनी, ग्रामपंचायतींसकट, आपापले आपत्ती आराखडे केले. आमच्या पंचायतीच्या सभेला मी बसलो होतो. भिंतीवर गावाचा नकाशा लावला, लोक उठून बोट ठेवत होते: इथे पाणी चढतं, इथे अंथरुणाला खिळलेली आजी आहे, इथे एकटी गरोदर बाई आहे. मासेमार उठून म्हणाला, माझी होडी इथे असते, लिहा. अर्थात आराखडे झाले म्हणून संकट टळलं असं नाही. जुलै २०२४ मध्ये वायनाडला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पण कोणत्या घरात आधी जायचं हे लिहिलेलं असलं की रात्रीचे पहिले दोन तास वाया जात नाहीत.

ताई, चौतीस घरांचा नकाशा एका दुपारचं काम आहे.

---

डोंगरपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस रेंज नव्हती.

बेसाल्ट सर, भेग चंद्रकोरीसारखीच आहे. खालची बाजू चार बोटं खचलीय. झरा आषाढात गढूळ होतो, दोन घरांचे दरवाजे अडकतात. आम्ही समजत होतो लाकूड फुगलं.

एक अडचण: भेग आहे ती जागा वन विभागाची आहे. तिथे पाणी वळवायला गटार काढायचं तर परवानगी लागेल असं म्हणतात. खुंट्या मात्र काल ठोकल्या. बचत गटाच्या तिघी सोबत होत्या.

---

कलम_३२

वनजमिनीवर स्वतःहून खोदकाम करू नका. ग्रामसभेचा ठराव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या आणि संयुक्त पाहणी मागा: वन, महसूल, पंचायत आणि भूवैज्ञानिक एकाच दिवशी वर आले पाहिजेत. वेगवेगळे आले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि कधी निवाऱ्यासाठी वनजमीन लागलीच, तर वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये समाजमंदिरासारख्या सुविधेला एक हेक्टरच्या आत जमीन मिळू शकते, ग्रामसभेच्या शिफारशीने.

---

सावित्रीची_लेक

ताई, ग्रामसभा कधी आहे? मी माझ्या गावात हाच ठराव मांडणार आहे, तुमचा मसुदा इथे टाकाल का?

---

डोंगरपायथा

काल ग्रामसभा झाली. उशीर झाला, पण सगळं लिहिते.

कोरम भरला, वरच्या वाडीतून एक्केचाळीस माणसं खाली आली होती. आमच्या गटाने चौतीस घरांचा नकाशा कार्डशीटवर काढला होता. लाल टिकली म्हणजे ज्याला उचलून न्यावं लागेल असं माणूस. सात टिकल्या. टिकल्या पाहिल्यावर सभा गप्प झाली. पेव्हर ब्लॉकसाठी हटून बसलेले एक ज्येष्ठ सदस्य नकाशाजवळ गेले आणि एका टिकलीवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी चुलती." त्यानंतर विरोध झाला नाही.

ठराव असे झाले: समाजमंदिराचे पत्रे आणि दोन दरवाजे अबंधित निधीतून, पेव्हर ब्लॉकचं काम अर्धं करून. तिथलं संडास, टाकी आणि वाडीतलं गटार बंधितमधून. उताराची पाहणी आणि पाणी काढायचं काम यासाठी सौम्यीकरण निधीतून प्रस्ताव, तहसीलदारांमार्फत, पोच घेतलीय. वन विभागाला संयुक्त पाहणीचं पत्र. पुनर्वसनाचीही मागणी सोबत केलीय, तळकोकण दादा. तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. जनावरांच्या गोठ्यासाठी जागा हवी हे त्यात ठळक लिहिलंय. भोंग्यासाठी मुंबई मंडळाशी बोलणं चालू आहे. तोवर देवळाची घंटा: न थांबता वाजली की निघायचं. लहान मुलांनी काल तीनदा वाजवून सराव केला.

मसुदा रात्री टाइप करून टाकते.

---

दप्तरवाला

ताई, ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल लगेच घ्या. आणि आराखडा ऑनलाइन चढल्यावर प्रत्येक काम त्यात आलंय का, हे स्वतः बघा. काम सुटलं असेल तर आत्ताच सांगता येतं.

---

किल्लारीचा_नातू

सात टिकल्या वाचून मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, टिकलीपुढे उचलणाऱ्या दोघांची नावंही लिहायला सांग. एकाचं नाही, दोघांची. एक गावाला गेला असला तर?

---

डोंगरपायथा

मावशींना नमस्कार सांगा. आज दुपारी नावं लिहिली. सातापैकी पाच टिकल्यांना दोन-दोन माणसं मिळाली, दोघींसाठी अजून शोधतोय.

---

बेसाल्ट

खुंट्यांचं पहिलं माप किती आलं?

---

डोंगरपायथा

पहिली जोडी ६१ सेंटीमीटर, दुसरी ५८. वहीत लिहिलंय. पुढचं माप येत्या रविवारी, इथेच टाकेन.